चष्मा बसतो नाकावर

[पडद्यावर : जुनी कृष्णधवल छायाचित्रं, एकामागून एक]

गांधीजींचा चेहरा लांबट, गालफडं बसलेली. बाबासाहेबांचा रुंद, भरलेला. आणि दोघांच्याही चष्म्याच्या काचा गोल.

आज मोबाइलवर चेहऱ्यानुसार फ्रेम सुचवणारा कुठलाही तक्ता उघडा. तो बजावून सांगेल, भरल्या चेहऱ्याच्या माणसानं गोल चष्म्याच्या वाटेला जाऊ नये. बाबासाहेबांच्या हाती असला तक्ता पडला नाही हे बरंच झालं. तो चष्मा आता त्यांच्या चेहऱ्याचाच भाग झालाय. एखाद्या मूर्तिकारानं तो वगळला, तर पुतळा कुणाचा हे खाली लिहावं लागेल.

त्या पिढीत गोल काच ही हौसेपेक्षा सोयीची गोष्ट होती. भिंग घासून तयार होतं तीच मुळी गोल चकती. तिला गोलच ठेवलं की कारागिराचं काम हलकं. माणसाचा चेहरा कसा आहे, हा प्रश्न तिथे फारसा यायचाच नाही.

तो प्रश्न पुढे कुणीकुणी विचारला. त्यातली एक होती अल्टिना शिनासी. १९३० च्या दशकात ती न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवायची. चष्म्याच्या एका दुकानापाशी तिला दिसल्या बायकांसाठी म्हणून मांडलेल्या रटाळ, एकसाची फ्रेमा. तिला आठवले व्हेनिसच्या उत्सवातले मुखवटे. कागद कापून तिनं बाहेरची टोकं वर उचललेली एक फ्रेम बेतली. तीच आजची 'कॅट आय'. बघणाऱ्याची नजर त्या उचललेल्या टोकाकडे जाते आणि गालाची हाडंही जरा वर असल्यासारखी वाटतात. गाल आहेत तिथेच असतात.

फ्रेमच्या सगळ्या युक्त्या याच जातीच्या. नजर कुठे न्यायची आणि कुठून काढून घ्यायची, एवढाच खेळ.

[पडद्यावर : आरशासमोर मागे ओढून बांधलेले केस. बोटं कपाळावरून गालांवर, गालांवरून जबड्यावर फिरतात]

तक्ता काय सांगतो ते एकदा उरकून घेऊ. केस मागे बांधा. कपाळाची रुंदी, गालांच्या हाडांमधली रुंदी, जबड्याची रुंदी आणि केसांपासून हनुवटीपर्यंतची लांबी, ही चार मापं बघा. लांबी-रुंदी जवळपास सारखी आणि कोपरे कुठेच नाहीत, तर चेहरा गोल. त्याला कोनदार फ्रेम. पु. ल. देशपांड्यांचा गोबरा चेहरा आणि ती जाड काळी फ्रेम आठवा, तक्त्याला छापायला आवडेल असं उदाहरण. जबडा ठसठशीत, चौकोनी असेल तर कडा मऊ असलेली, गोल किंवा लंबगोल फ्रेम. चेहरा लांब असेल तर फ्रेम उभीला जास्त घ्यायची, म्हणजे लांबी मध्येच अडते. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर वरचा भाग हलका ठेवायचा. उलट जबडा रुंद असेल तर वजन भुवयांकडे न्यायचं. लंबगोल चेहऱ्याला काहीही चालतं म्हणतात. लंबगोल चेहऱ्याच्या लोकांचं दैव.

यात खोटं काही नाही. चेहऱ्यात जे आधीच भरपूर आहे तेच फ्रेमनं पुन्हा मांडलं की ते उठून दिसतं, आणि उलट मांडलं की दबतं. पण गोम अशी की कुणाचाच चेहरा पाठ्यपुस्तकातली आकृती नसतो. कपाळ एका रकान्यात, जबडा दुसऱ्या. शिवाय तक्त्याला नाक माहीत नाही, भुवया माहीत नाहीत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुमचा नंबर माहीत नाही.

[पडद्यावर : साताऱ्यातलं चष्म्याचं दुकान. भिंतभर फ्रेमा, काउंटरवर तिरका आरसा]

हे दुकान साताऱ्यातलं. काउंटरपलीकडच्या काकांसमोर कॉलेजात शिकणारी एक मुलगी बसलीय, शेजारी आई. मुलीचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस सहा. मुलीनं निवडलीय मोठी, पातळ कडेची, सोनेरी फ्रेम. चेहरा गोलसर, फ्रेम चौकोनी. तक्त्याप्रमाणे शंभर टक्के बरोबर.

काका फ्रेम हातात घेतात आणि काडीची आतली बाजू दिव्याखाली धरतात. तिथे बारीक अक्षरांत छापलंय : ५४, मग एक चिमुकली चौकट, मग १८, पुढे १४०. काचेची रुंदी ५४ मिलिमीटर, नाकावरच्या ब्रिजची १८ आणि काडीची लांबी १४०. हे आकडे जवळजवळ प्रत्येक फ्रेमवर असतात आणि गिऱ्हाईक सहसा त्यांच्याकडे बघत नाही. तुमच्या जुन्या चष्म्याचं माप बरोबर बसत असेल, तर नवीन घेताना हे तीन आकडे लिहून न्यावेत. चेहऱ्याच्या आकारापेक्षा ते जास्त कामाला येतात.

"बाळ, तुझी पीडी बासष्ट आहे," काका म्हणतात. "म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर."

"मग, काका?"

"मग तुझे डोळे या फ्रेममध्ये मधोमध येणार नाहीत. दोन्ही नाकाकडे सरकणार."

[पडद्यावर : कागदावर पेनानं काढलेली दोन चित्रं, मोठी फ्रेम आणि लहान फ्रेम]

काकांचा हिशेब सोपा आहे. ५४ आणि १८, बेरीज ७२. फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ७२, मुलीच्या बाहुल्यांमधलं ६२. फरक दहाचा, म्हणजे प्रत्येक बाजूला पाच मिलिमीटर. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आणावाच लागतो, म्हणून तो नाकाच्या बाजूला पाच मिलिमीटर सरकवायचा. परिणामी कानाकडची कड मध्यापासून ३२ मिलिमीटर दूर जाते.

मायनसची काच मध्यावर पातळ आणि कडेला जाड असते, आणि ही जाडी अंतराच्या वर्गानं वाढते. अंतर दुप्पट तर जाडीतली वाढ चौपट. मायनस सहाला, साध्या १.५० निर्देशांकाच्या काचेत (हा आकडा जितका मोठा, तितकी काच पातळ), ३२ मिलिमीटरवर कड मध्यापेक्षा सुमारे सहा मिलिमीटरनं जाड होते. त्या नाजूक सोनेरी फ्रेममधून ती बाहेर डोकावणार.

आता दुसरी फ्रेम. ४६ आणि २०, बेरीज ६६. इथे फक्त दोन मिलिमीटर सरकवायचं. कड मध्यापासून २५ वर. जाडीतला फरक पावणेचार.

"आपण पातळ काच घेऊ की," आई म्हणते. "महाग असली तरी चालेल."

घ्या. १.६७ ची काच त्या मोठ्या फ्रेममध्ये बसवली, तरी कड मध्यापेक्षा साडेचार मिलिमीटरनं जाड राहते. म्हणजे लहान फ्रेममधली साधी काच मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेला हरवते. दुकानदाराचा फायदा कशात आहे हे उघड आहे, तरी काका लहान फ्रेमच पुढे करतात. असे दुकानदार भेटले की त्यांना सोडू नये.

जाडी दिसते तेवढ्यानं भागत नाही. मायनस काचेतून डोळे लहान दिसतात, आणि मोठ्या फ्रेममध्ये कानशिलाची कड काचेतून आत सरकलेली दिसते. चेहऱ्याची बाह्यरेषा तिथे तुटते. प्लसच्या काचेत उलट, डोळे मोठे दिसतात. आरशासमोर फ्रेम घालून बघताना तिच्यात नंबर नसलेली काच असते. आपण सुंदर दिसतो ते त्या काचेत.

[पडद्यावर : मुलगी लहान, किंचित गोलसर फ्रेम घालते. काका तिच्या नाकाजवळ वाकून बघतात]

"हस बघू."

मुलगी संकोचते, मग हसते. काका खालच्या कडेकडे बघतात. हसताना गाल वर येतात. फ्रेम गालावर टेकून वर उचलली गेली तर ती नापास. मग भुवया. वरची कड भुवईच्या साधारण बरोबरीनं, तिच्याच वळणानं गेलेली असावी. भुवई फ्रेमच्या बरीच वर राहिली की चेहऱ्यावर भुवयांच्या दोन जोड्या असल्यासारखं होतं आणि माणूस सदा चकित दिसतो.

शेवटी नाक. ब्रिज नाकाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण टेकला पाहिजे. तो रुंद असेल तर चष्मा घसरतो, अरुंद असेल तर लाल वळ उठतात. नाकाचा घाट बसका असेल तर धातूची, हलवता येणाऱ्या पॅडची फ्रेम सोयीची. अ‍ॅसिटेटच्या, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकच्या, फ्रेमची पॅडं घडवलेलीच असतात, बसली तर बसली. आणि नाक लांब वाटत असेल तर ब्रिज खाली आणि गडद रंगाचा घ्यावा. नजर तिथेच अडते, नाक तेवढं आखूड भासतं. तक्त्यात नसलेली ही एक युक्ती मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त खरी वाटते.

एक इशारा गोल फ्रेमच्या चाहत्यांसाठी. नंबरात सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत काम करणारा नंबर असेल, तर काच ठरावीक अंशातच बसायला हवी. गोल खोबणीत स्क्रू जरा सैल झाला की काच फिरते, चौकोनी फ्रेममध्ये ती फिरूच शकत नाही. दहा अंश फिरली, तर सिलिंडरची सुमारे एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते.

[पडद्यावर : साठीचे एक गृहस्थ वर्तमानपत्र लांब धरून वाचतायत]

चाळिशी लागली की हिशेब पुन्हा बदलतो. या सरांना प्रोग्रेसिव्ह हवाय : वर लांबचं, खाली वाचायचं, मध्ये कम्प्युटरचं. या सगळ्याला उभी जागा लागते. बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत १८ मिलिमीटर असली तर बरं. आखूड धाटणीच्या काचा १४ मध्येही बसवतात. सरांनी आणलेली चिंचोळी आयताकृती फ्रेम त्यांच्या चेहऱ्याला छान शोभते. पण वाचायचा भाग तिच्यात कापला जाईल.

"सर, हिच्यात पेपर वाचायला मान उंच करावी लागेल," काका सांगतात.

"राहू द्या मग. दुसरी दाखवा."

[पडद्यावर : पहिलीदुसरीतला मुलगा, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा]

मुलांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एक हट्ट ठरलेला आहे. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा शिवतात, तशी फ्रेमही वाढत्या चेहऱ्याची घेतात. लहान मुलाच्या नाकाचं हाड अजून उंच झालेलं नसतं. मोठी फ्रेम घसरते आणि पोर काचेच्या वरून बघायला लागतं. म्हणजे चष्मा नाकावर आहे, पण डोळ्यांना नंबर मिळतच नाही. मुलाची फ्रेम आजच्या नाकाची घ्यावी, वर्षादीडवर्षानं बदलावी लागली तरी.

कोकणात, मुंबईत घामाचाही विचार करावा लागतो. स्वस्त धातूच्या फ्रेमवरचा मुलामा घामानं उडतो आणि आतलं तांबं-पितळ हिरवं पडतं, बहुधा आधी पॅडपाशी. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर कानामागे खाज सुटते. अशांनी टायटॅनियम घ्यावं, नाहीतर अ‍ॅसिटेट. आणि लग्न ठरलेल्यांनी एकदा मुंडावळ्या बांधून बघाव्यात. त्या काडीत अडकतात, आणि अंतरपाट दूर होण्याच्या नेमक्या वेळी अडकतात.

[पडद्यावर : काका फ्रेमची काडी गरम हवेच्या यंत्रावर धरतात, अंगठ्यानं टोक हळूच वाकवतात]

मुलीनं ४६ ची फ्रेम घेतली. काका काडी गरम करून कानामागचं वळण ठीक करतात. वळण कानाच्या माथ्यावरून पुढे गेल्या गेल्या सुरू व्हायला हवं; आधी सुरू झालं तर टोचतं, नंतर झालं तर चष्मा खाली येतो. मुलगी मान खाली घालते, झटकते. चष्मा जागचा हलत नाही.

"डावा कान जरा वर आहे तुझा," काका म्हणतात.

"अय्या, खरंच?"

"सगळ्यांचेच असतात, एक वर एक खाली. आठवडाभर वापर आणि ये. परत आवळून देतो, त्याचे पैसे नाहीत."