‘घाशीराम’ बसवायचं तर आधी भिंत उभी करा

मंडळी, नमस्कार. पुढच्या नाटकासाठी ‘घाशीराम कोतवाल’चं नाव निघालं आणि लगेच नाना (पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस) कोण, घाशीराम कोण यावर चर्चा सुरू झाली. आमचा आग्रह आहे, ती दोन माणसं नंतर शोधा. आधी भिंतीसारखी उभी राहणारी बाराजणांची रांग जमवा.

घाशीराम खराखुरा माणूस, पेशवाईतल्या पुण्याचा जुलमी कोतवाल, १७९१ साली पुण्यात दगडांनी ठेचून मारला गेलेला. नाटककार विजय तेंडुलकरांनी मात्र इतिहास लिहिला नाही. सत्ता असा माणूस कसा घडवते, हे त्यांनी दाखवलं, आणि त्याला साक्षीदार म्हणून ही रांग उभी केली. १९७२च्या डिसेंबरात पुण्यात पहिला प्रयोग झाला तेव्हा जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं, सगळं या रांगेभोवतीच गुंफलेलं होतं. तोंड आपल्याकडे असलं की ते गाणारे पुणेकर, पाठ वळली की भिंत. देवाचं नाव घेत ते नानाचे चाळे झाकतात. नाटकातला सगळ्यात कठोर आरोप तोच आहे.

एका माणसाला ६० सेंटिमीटर धरले तरी बाराजणांना सव्वासात मीटर लागतात. डोलायला जागा हवी, म्हणजे रंगमंच किमान आठ मीटर रुंद हवा. तेवढा नसेल तर रांग तिरकी लावा, माणसं कमी करू नका. हमखास बिघडते ती लय. टोकाच्या माणसांना मृदंग नीट ऐकू येत नाही, ती मागे पडतात आणि भिंत सापासारखी वळवळते. म्हणून लयीचे पक्के गडी दोन्ही टोकांना ठेवा. सुरुवातीला नुसती पावलं, मग गुणगुणणं, शब्द सगळ्यात शेवटी. घाई केली की दम लागतो आणि ओळीचा शेवट गिळला जातो. प्रत्येकाला कॉलर माइक लावू नका, शेजाऱ्याचा आवाजही त्यात शिरतो. वर टांगलेले तीन-चार पुरतात.

१९७६चा चित्रपट जरूर पाहा. मोहन आगाशे तिथेही नाना आहेत, ओम पुरींच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी तो एक. पण तालमीसाठी तो नमुना धरू नका. काय दिसावं, काय झाकावं हे तिथे कॅमेरा ठरवतो, इथे ते काम बाराजणांच्या पाठींचं आहे.

आणि प्रयोगाची लेखी परवानगी तालमी सुरू होण्याआधी हातात हवी.