लेआउटच्या रस्त्यावर बोलायला कोणी थांबत नाही

मंडळी, बाया मागं बसल्या आहेत, त्यांनी जरा पुढं या, कारण आजचा विषय निम्म्याहून जास्त तुमचाच आहे. पत्रिकेत 'वस्तीची रचना आणि समाजजीवन' असं भारदस्त छापलंय, पण मी ओट्याबद्दल बोलणार आहे.

आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा मी नववीत होतो. गल्ली एवढी अरुंद की बंडी आली की पोरांनी ओट्यावर चढायचं, दहा फूट, फार तर बारा. समोरची काकू तुरीच्या शेंगा सोलता सोलता विचारायची, "काय वं, उद्या निंदनाले कोनाच्या वावरात?" आणि माय शिलाई मशीनचं चाक न थांबवता उत्तर द्यायची. आवाज चढवायची गरजच नव्हती. पुढं शिकायला गेलो तेव्हा एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचं काम वाचलं, त्यानं 1966 साली माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहून काय बोलतात याचे टप्पे मांडले होते. ओळखीच्या माणसांचं कामाचं बोलणं 4 ते 12 फुटांत चालतं असं त्याचं म्हणणं. ही मापं अमेरिकेतली, दुसरीकडं बदलतात हे तोच सांगतो, पण 12 फूट वाचलं आणि माझ्या डोळ्यापुढं आमची गल्लीच आली.

नव्या गावठाणात काय झालं? 30 फुटी रस्ता, दोन्हीकडं घरापुढं 10-10 फूट जागा, मग ज्यानं त्यानं कंपाउंड घातलं, गेट बसवलं. दारापासून दार 50 फूट. तेवढ्या लांबून हाक मारता येते हो, पण उधारीचं, दुखण्याचं, पोरीच्या स्थळाचं बोलणं कोणी ओरडून करत नाही. त्यात आपला मे महिना, 45 अंशाचा. जुन्या गल्लीत एका घराची सावली दुसऱ्यावर पडायची, नव्या रस्त्यावर सकाळी दहानंतर कुत्रंही थांबत नाही. रुंद रस्ता नकोच असं मी म्हणून राह्यलो नाही. माझ्या आजोबाला छातीत दुखलं तेव्हा खाटेवर घालून वेशीपर्यंत आणावं लागलं होतं, गाडी आत येत नव्हती, ते मी विसरलेलो नाही. ॲम्बुलन्सला एक रस्ता रुंद पाहिजे. सगळेच कशाला?

आता मायच्या मशीनचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. आमचं जुनं घर विहीर आणि आटाचक्कीच्या मधात. पाण्याला जाणारी बाई आमच्या छपरीवरूनच जाणार, दळण टाकून परत येणारीही तिथूनच. मशीन छपरीत, शिवलेले ब्लाऊज खुंटीला टांगलेले, जाता जाता दिसणारच. कापड घेऊन मुद्दाम कोणी घरून निघायचं नाही, दळणाच्या डब्यावर ठेवून आणायच्या. सणासुदीत माय रात्री अकरापर्यंत शिवायची. नव्या गावात आम्हाला प्लॉट मिळाला शेवटच्या ओळीत, पुढं रस्ताच नाही, संपतो तिथंच. मशीन तीच, हात तोच, भावही तोच. दोन वर्षांत काम निम्म्यावर आलं, आणि लोक म्हणाले की रेडिमेडमुळं झालं. रेडिमेडमुळं झालंच असेल थोडं, पण मेन रोडला प्लॉट मिळालेल्या दुसऱ्या बाईचं मशीन तेव्हा जोरात चालू होतं!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर नावाच्या माणसानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच नकाशांवर आणि रस्त्यावरची माणसं मोजून दाखवलं. आपण समजतो की दुकान आलं म्हणून लोक आले, तो म्हणतो आधी रस्ते कसे जोडलेत ते पहा, जो रस्ता चार ठिकाणांहून चार ठिकाणी जाताना मधात लागतो त्यावर लोक आपोआप असतात, मग दुकान तिथं येतं आणि दुकानामुळं आणखी लोक येतात. म्हणजे मायचा धंदा नकाशावर रेघ मारतानाच अर्धा बुडाला होता, आणि रेघ मारणाऱ्याला ते माहीतही नसणार. याचंच मला वाईट वाटते.

पानठेल्याचंही तसंच. आपल्याकडं उद्याची मजुरी संध्याकाळी सातला पानठेल्यावर ठरते, कोणाचा कापूस फुटला, कोणाला फवारणीला माणूस पाहिजे. फोन आले, खरं आहे, पण फोन तुम्ही ओळखीच्यालाच लावता. नवीन माणसाला काम ठेल्यावर उभं राहिल्यावरच मिळते. नागपूर घ्या, इतवारी, बुधवारी, मंगळवारी ही मोहल्ल्यांची नावं आठवडी बाजारावरून पडली, आधी लोक जमले, मग पेठ झाली.

आणि गाड्यांचं एक सांगायचं राह्यलं. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनेच्या अभ्यासकानं अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांवर लोकांना विचारलं, इथं तुमचे मित्र किती. दिवसाला 2000 गाड्या जात त्या रस्त्यावर सरासरी 3 मित्र, 16000 गाड्यांच्या रस्त्यावर 0.9. रस्ते दिसायला सारखेच. उलट डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरानं 1962 मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयेट, गाड्यांना बंद केला, दुकानदार घाबरले होते की गिऱ्हाईक तुटेल, पण पायी येणारे वाढले आणि बाजार उठला नाही, वाढला.

आता आपल्या गावाचं. गावाच्या पूर्वेला नवीन लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून नवी वस्ती, पडतेय, नकाशा तुम्ही पाह्यलाच असेल. 10 टक्के खुली जागा सोडलीय, पण ती दाखवलीय पार मागं नाल्याकडं, जिथं प्लॉट निघत नव्हते तिथं. तिथं दोन वर्षांनी काटेरी बाभूळ दिसेल. ती जागा जुन्या गावाच्या गल्ल्या जिथं लेआउटला भेटतात तिथं पुढं आणा, कडुलिंब आहे तो वाचवा, त्याला पार बांधा. आणि जुन्या दोन गल्ल्या नकाशात कंपाउंडच्या भिंतीनं बंद होतात, त्या आरपार करा, म्हणजे चक्कीला जाणारी बाई लेआउटमधूनच जाईल. नकाशा अजून पक्का नाही, हरकत घेता येते. मी सोमवारी दहा वाजता मोजायचा टेप घेऊन तिथं जाणार आहे, कडुलिंबापाशी. बचत गटातल्या तिघी-चौघी आल्या तर बरं होईल, कोण कुठून पाण्याला अन् दळणाला जाते ते तुम्हालाच माहीत आहे.