सहा आकडे आणि चौदा महिने

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका वठवायच्या खेळात कॅरेक्टरचे स्कोअर, म्हणजे ताकद, चपळाई अशा सहा गुणांचे आकडे, न्याय्य कसे काढायचे ते सांगेन असं कबूल केलंय आणि ते सांगणारच आहे. पण आधी एक जुनी गोष्ट ऐका. तिच्याशिवाय माझा आग्रह तुम्हाला कळायचा नाही.

एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या एका सलग खेळात, आम्ही पाच जण होतो. चार फासे टाकायचे, सर्वांत लहान सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. असं सहा वेळा. मला पडले १७, १६, १५, १४, १३, १०. शेजारच्या मैत्रिणीला १३, १२, ११, ११, ९, ८. बेरीज माझी ८५, तिची ६४. आणि दोघांनाही योद्धाच खेळायचा होता. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणाला, "पडलं ते पडलं, फाशांचा मान राखायचा." तिने पुन्हा टाकू का असं विचारलंही नाही. शीटवर सगळं पेनाने लिहिलं, तो ८ मात्र पेन्सिलीने, जेमतेम दिसेल असा.

आता दार मोडायचंय, फासा आणि मॉडिफायर, म्हणजे स्कोअरवरून मिळणारी भर, मिळून १५ हवेत. माझी स्ट्रेंग्थ (ताकद) १७ म्हणजे +३, तिची १३ म्हणजे +१. वीस बाजूंच्या फाशावर मला १२ पुरायचे, तिला १४ लागायचे. ४५ टक्के आणि ३५ टक्के. एका दारापुरतं म्हणाल तर हा फरक काहीच नाही. पण वार लागणं, लागला तर किती लागणं, अंगावर किती झेलता येणं, सगळीकडे तीच कथा. चौथ्या-पाचव्या सेशनपासून दार आलं की सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग तीही बघायला लागली. चौदा महिने चाललं ते कॅम्पेन.

कमकुवत कॅरेक्टर रंगवण्यातच खरा कस लागतो, असं म्हणणारे इथेही असतील. हात वर करू नका, ओळखतो मी! कस लागतो हे मलाही मान्य आहे. पण ते ज्याने स्वतः निवडलंय त्याचं कौतुक. लादलेल्याचं काय?

हे आलं कुठून तेही बघा. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं, तेव्हा तीन फासे टाकायचे आणि पडेल तो आकडा त्या-त्या गुणाला. पण त्या नियमांत स्ट्रेंग्थमुळे वार जास्त लागत नसे, ते १९७५ च्या पुरवणीत आलं. आकड्यांचं वजन कमी, कॅरेक्टर पटापट मरत, नवा काढायला पाच मिनिटं. तिथे सोडत चालून जायची. पुढे आकड्यांना वजन आलं, कॅरेक्टर वर्षभर जगू लागले. १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात चार फाशांची पद्धत आली आणि सरासरी साडेदहावरून सव्वाबारावर गेली. सरासरी सुधारली, तफावत राहिलीच. आजही चार खेळाडूंनी असे रोल केले, तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान बेरजेत सरासरी चौदाएक गुणांचं अंतर पडतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्द्याचं भराभर सांगतो.

पॉइंट बाय, म्हणजे सगळ्यांना सारखे गुण देऊन त्यांतून स्कोअर विकत घ्यायचे, ही पद्धत न्याय्य आहे, पण त्यात आश्चर्य उरत नाही. दोन योद्धे शेजारी ठेवा, शीट जवळपास सारखीच. माझं म्हणणं एवढंच: कॅरेक्टर कसा आहे ते नशिबाने ठरवावं, किती आहे ते नाही.

अठरा पत्ते घ्या. २, ३, ५, ६ प्रत्येकी तीन आणि ४ सहा. पिसा, तीन-तीनच्या सहा गड्ड्या लावा, प्रत्येक गड्डीची बेरीज हा एक स्कोअर. ६ पासून १८ पर्यंत काहीही निघेल, पण एकूण कायम ७२. नियमांतल्या तयार आकड्यांची, स्टँडर्ड अ‍ॅरेची, म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८ ची बेरीजही तेवढीच.

एक खोच राहते. मॉडिफायर दर दोन गुणांनी वाढतो, म्हणून विषम स्कोअरचा एक गुण वाया जातो. कुणाला चार विषम येतील, कुणाला एकही नाही. पण ७२ सम आहे, त्यामुळे विषम स्कोअर नेहमी जोडीनेच येतात. प्रत्येक जोडीत एकाचा गुण काढून दुसऱ्याला द्या. १३ आणि १५ चे १२ आणि १६ करा, किंवा १४-१४. सगळे स्कोअर सम झाले की मॉडिफायरची बेरीज प्रत्येकाची बरोबर +६. कुणालाही, कधीही.

पुढच्या कॅम्पेनला आम्ही असेच पत्ते वाटले. माझ्या त्या मैत्रिणीला डेक्स्टेरिटीला, म्हणजे चपळाईला, ६ आला आणि विस्डमला, म्हणजे शहाणपणाला, १६. तो ६ तिने पेनाने लिहिला.

पत्ते मी आणलेत. पुढच्या रांगेतून कुणीतरी या आणि पिसा.