घंटेपेक्षा कॅलेंडर बरं

मघाशी एका ताईंनी विचारलं, 'आमची मनी पोटभर जेवते, ती कशाला पक्षी मारेल?' ताई, पोट भरलं म्हणून मांजराची शिकार सुटत नाही. समोर काही फडफडलं की अंग आपोआप दबा धरतं. ती घरी काही आणत नाही, यावरही फार विसंबू नका. अमेरिकेतल्या जॉर्जियात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे अडकवून पाहिले, तर शिकारीपैकी जेमतेम २३ टक्के घरी पोचलेली. बाकीची तिथेच खाल्लेली, नाहीतर टाकून दिलेली.

आणि मारलंच पाहिजे असंही नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये संशोधकांनी कस्तूर पक्ष्यांच्या घरट्यांपाशी पेंढा भरलेलं मांजर थोडा वेळ ठेवलं. निर्जीव मांजर! तरी आईबापांनी आरडाओरडा केला, आणि मांजर उचलून नेल्यावरही पिल्लांना भरवणं एक तृतीयांशाहून जास्त कमी झालं. त्या गोंगाटानं कावळ्यांना आणि त्यांच्याच कुळातल्या मॅगपाय पक्ष्यांना घरट्याचा पत्ता मिळाला, ते वेगळंच.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा आपला जुना प्रश्न. बांधूनही फारसं साधत नाही. २०२१ साली एक्सेटर विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात घंटेचा ठळक परिणाम दिसला नाही. गळपट्ट्यावर भडक रंगांची कापडी झालर चढवली, तेव्हा मात्र घरी येणारे पक्षी ४२ टक्क्यांनी घटले. पक्ष्यांना रंग फार छान दिसतात. भरपूर मांसाचा आहार दिल्यावर एकूण शिकार ३६ टक्के कमी, रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्के. पट्टा ओढ बसताच सुटणारा हवा, नाहीतर मांजरच फांदीला लटकायचं.

पण माझं मागणं खरं कॅलेंडरचं आहे. बऱ्याच छोट्या पक्ष्यांची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात, पुढचे दोनेक आठवडे पिल्लं घरट्यात असतात. मग ती बाहेर पडतात, आणि खरा घात इथे होतो. धड उडता येत नाही, झुडपाखाली बसून भूक लागली म्हणून ओरडत राहतात. घरट्यातून डोकी वर दिसायला लागली की मांजर आत घ्या, ते थेट पिल्लं नीट उडेपर्यंत. तीनेक आठवडे. अगदीच जमलं नाही तर निदान पहाटे आणि तिन्हीसांजेला तरी. मांजर दारात बसून बोंब मारेल, मारू द्या.

घरटं झाडावर असेल तर खोडाभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळा, मांजराच्या उडीच्या वर आणि चांगला रुंद. मात्र शेजारच्या भिंतीवरून फांदी गाठता येत असेल, तर पत्रा नुसता शोभेचा.

पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर घरी नेऊ नका. जवळच्या दाट झुडपात उंचावर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे खोटं आहे. मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू मात्र, जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. दाताचं बारीक टोक लागलं तरी मांजराच्या लाळेतले जंतू त्याला पुरेसे असतात.