शेरूला वाचून दाखवताना

(दृश्य: दांडिया बाजारातलं घर, सकाळचे आठ. सतरंजीवर पसरलेला कुत्रा, शेजारी पुस्तक घेऊन बसलेलं मूल.)

बडोद्यातल्या मराठी घरांत वाचताना अडणं नेहमीचं. मूल घरी घडाघडा मराठी बोलतं, शाळेत गुजराती वाचतं. गुजरातीला शिरोरेषा नाही. क, च, ज, फ यांची वळणंही निराळी. त्यामुळे मराठी पुस्तकात ‘ज्योत्स्ना’सारखा शब्द आला की आवाज खाली जातो. आजी लगेच शब्द पुरवते, आई उच्चार सुधारते. पुस्तक मिटतं.

कुत्रा शब्द पुरवत नाही. त्याचा उपयोग तेवढाच आणि तिथेच. अक्षरओळख शिक्षकांनीच करून द्यायची. कुत्र्यापुढे चुकायची धास्ती उरत नाही, इतकंच. मुलांनी कुत्र्याला वाचून दाखवायचा असा उपक्रम १९९९ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत सुरू झाला. २०१६ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात फायद्याच्या खुणा आहेत, पण पुरावे अजून कच्चे आहेत.

कुत्र्याची जात कुठलीही चालते, देशीसुद्धा. स्वभाव मात्र पारखून घ्यायचा. पाठीमागे स्टीलचं ताट पाडून बघा. दचकला तर हरकत नाही, पण लगेच सावरला पाहिजे. वय एक वर्षाच्या पुढे, रेबीजची लस वेळेवर, जंताचं औषध दिलेलं, नखं कापलेली.

बैठक पंधरा-वीस मिनिटांची. कुत्रा भिंतीकडे नको, उठून जायला वाट मोकळी हवी. पुस्तक इयत्तेपेक्षा सोपं घ्या: एका पानावर पाच शब्द अडले, तर ते पुस्तक आज नको.

हँडलरने, म्हणजे कुत्र्याला सांभाळणाऱ्याने, चूक दाखवायची नाही. मूल अडलं तर थोडं थांबायचं, मग कुत्र्याच्या वतीने बोलायचं: “शेरूला ‘ओसरी’ म्हणजे काय ते कळलं नाही. सांगतोस त्याला?” मुलालाही माहीत नसेल, तर तिघांनी मिळून शोधायचं. आईबाबा दुसऱ्या खोलीत. हा नियम सगळ्यांत आधी मोडतो.

(दृश्य: कुत्र्याचं तोंड, जवळून.)

ही जांभई बघा. मुलाला वाटतं, माझं वाचन कंटाळवाणं आहे. पण पुन्हापुन्हा जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या ताणाच्या खुणा आहेत. बहुतेक वेळा मुलाने गळ्यात हात टाकलेला असतो. मिठी नको, हात खांद्यावर किंवा छातीवर ठेवायला शिकवा. खाऊच्या डब्यात मनुका, चॉकलेट असेल तर डबा बाहेर, दोन्ही कुत्र्याला विषारी. नंतर हात साबणाने धुवायचे.

एप्रिल-मेमध्ये बैठक सकाळीच घ्या. दिवाळीच्या फटाक्यांत सुट्टी, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, गोंगाटातही.

आणि शेरू उठून दारापाशी गेला, तर राक्षस मरायला दोनच ओळी उरलेल्या असल्या तरी पानात खूण घालायची. पुढचं पुढच्या वेळी.