कशाच्या गोळ्या गं?

श्रोतेहो, नमस्कार.

गळीत हंगाम सुरू आहे. फडात, ट्रॅक्टरवर, कारखान्याच्या रांगेत मोबाइलवर रेडिओ लावून बसलेलेही आत्ता ऐकत असतील, म्हणून गोष्ट त्यांच्यातलीच सांगतो. विषय आहे, एचआयव्हीच्या गोळ्या माणसं मध्येच का सोडतात.

आपल्या देशात एप्रिल २००४ पासून या गोळ्या सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, फुकट मिळायला लागल्या. "फुकटचं आहे, म्हणून किंमत नाही," असं लोक बोलतात. मी मराठवाड्यात अशा केंद्रावर समुपदेशक होतो, मला हे वाक्य सहन होत नाही. बुडालेली मजुरी फुकट नसते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. पण आधी गावात एसटी तर आली पाहिजे! आमच्याकडे सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. असो, एसटीवर एकदा वेगळं बोलू.

तर आमच्याकडे एक बाई यायची. नावगाव सांगत नाही. नवरा वारलेला, धाकट्या भावाबरोबर कोयता धरून जायची. भावाला माहीत होतं, टोळीत बाकी कुणालाच नाही. दिवाळी झाली की गोळ्यांच्या डब्या घेऊन निघायची. डबी हलली की खुळखुळते, म्हणून वरून कापूस कोंबायची. लेबल नखाने खरवडून काढायची. कोपीला दार नसतं, तुम्हाला माहीत आहे. भांडी घासून झाली की पाठ फिरवून गोळी तोंडात टाकायची. गोळी रात्रीचीच होती, कारण तेव्हाच्या गोळीत एफाव्हिरेन्झ नावाचं औषध असायचं आणि त्याने गरगरायचं.

एका रात्री मुकादमीण वाटीभर साखर मागायला आली. "कशाच्या गोळ्या गं?"

उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं. "थायरॉईडच्या."

मुकादमीण तिथेच फतकल मारून बसली. "आगं बया, मलाबी थायरॉईडच! माझ्या संपल्यात बघ. चार दे, बाजारच्या दिवशी परत देते."

आता काय करावं? बाई म्हणाली, "ही शेवटचीच हाय, काकी." आणि गिळून टाकली. पण शेवटची म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी हातात गोळी दिसायला नको ना! दोन दिवस तिने डब्या पाचटात दडवल्या. तिसऱ्या दिवशी फड रिकामा झाला, पाचट पेटवलं, डब्याही गेल्या.

इथं गोष्ट संपली असती, पण मुकादमीण पडली शब्दाची पक्की. बाजारच्या दिवशी थायरॉईडची बाटली घेऊन आली. "निम्म्या तुझ्या. आन् रातच्याला काय घेतीस? पहाटं उपाशीपोटी घ्यायची असती!" रोज पहाटे हाक मारून, समोर उभं राहून गोळी द्यायची. आमची बाई ती गालात धरायची आणि चुलीत थुंकायची. जी गोळी हवी होती ती नाही, जी नको होती ती रोज. आणि देणारीच्या मनात माया!

गुढीपाडव्यानंतर केंद्रावर आली तेव्हा जीभ पांढरी पडलेली, वजन उतरलेलं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, हजाराच्या कितीतरी वर. आमच्या कागदावर खंडाचं कारण लिहायला एक बारकासा रकाना. "जवळच्या केंद्रावर का गेली नाहीस?" विचारलं. म्हणाली, "दिवस मोडला की खाडा पडतो साहेब. आन् मुकादमाला सांगू काय, कुठं चाललीय?"

गोळी विसरल्यामुळे नव्हे, लपवता येईना म्हणून सुटली. पुन्हा सांगतो, लपवता येईना म्हणून सुटली. आपल्याकडे शेजारच्याच्या डब्यात काय आहे हे डोकावून बघितल्याशिवाय कुणाला घास जात नाही. रेल्वेत, लग्नात, दवाखान्यात, "कशाच्या गोळ्या?" विचारतोच.

बाकीचीही कारणं आहेत. बरं वाटायला लागलं म्हणून, दारू, जडीबुटीवाला भेटला, मन खचलं. कधी औषधाचाच तुटवडा. २०२२ मध्ये त्यासाठी रुग्ण दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यालयासमोर धरणं धरून बसले होते.

गोळीने विषाणू दबतो, संपत नाही. गोळी थांबली की बहुतेकांच्या अंगात काही आठवड्यांत तो पुन्हा वाढतो. मध्ये मध्ये सुट्टी घेतली तर चालेल का, हे ३३ देशांतल्या साडेपाच हजार जणांवर तपासून झालं आहे. सुट्टी घेणारे जास्त आजारी पडले, जास्त दगावले, म्हणून जानेवारी २००६ मध्ये ती सुट्टी थांबवावी लागली.

त्या बाईचं पुढे बरं झालं. डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी आली, तिला रात्रीची अट नाही. आम्ही तिची वेळ पहाटेची केली. पुढच्या हंगामात दोघी चुलीपाशी बसून आपापली गोळी घ्यायच्या. "माझी दुसऱ्या कंपनीची हाय काकी," एवढंच तिने सांगितलं.

तोडीला किंवा कामाला बाहेर जाणार असाल तर निघण्याआधी केंद्रावर सांगा, जास्त महिन्यांच्या गोळ्या मागा. उपचाराचं पुस्तक सोबत ठेवा, ते दाखवून जवळच्या एआरटी केंद्रातही औषधाची सोय होते. खंड पडला असेल तर राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका. केंद्रावर जा, किती दिवस सुटल्या ते खरं सांगा. तुमच्या परवानगीशिवाय तुमचा आजार दुसऱ्याला सांगायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. जाता येत नसेल तर फोन करा, पैसे पडत नाहीत. नंबर १०९७. लिहून घ्या, एक शून्य नऊ सात.

नमस्कार.