बुडखा काढायचा की ठेवायचा?

(दृश्य: केळशीची खाडी. पलीकडे माडांची रांग, मधेमधे दात पडल्यासारखी मोकळी जागा.)

3 जून 2020. दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. संध्याकाळ व्हायच्या आत श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या माडांच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते आलं. ते कोकणात जमिनीवर आलं नाही, किनारा घासत गुजरातकडे गेलं. पण जाताना, आधीच्या वर्षी हललेली झाडं त्याने झोपवली.

उडालेले पत्रे आणि फुटलेली कौलं माणसं कर्ज काढून बसवतात, कारण डोक्यावर पाऊस असतो. पडलेलं लाकूड व्यापारी नेतो, म्हणेल त्या भावात. उरलेलं जळणाला जातं. जमिनीत राहिलेला बुडखा मात्र कुणालाच नको असतो. न तो विकला जातो, न त्याच्यासाठी कुणाला घाई असते. म्हणून वाडीत वर्षानुवर्षं बुडखे दिसतात. त्यातले काही तिथे एक दिवसही राहायला नको होते, आणि काही काढायची मुळीच गरज नव्हती.

(दृश्य: माडाचा कुजका बुडखा. पहारीने फोडल्यावर आतून भुसा निघतो.)

आधी माडाचं बघू. तिथे दुमत नाही. माडाचं खोड कुजायला लागलं की आत ओला, काळपट भुसा तयार होतो, आणि गेंड्या भुंग्याला अंडी घालायला तेवढं पुरतं. पहारीचा एक घाव घातला की आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसतात. डोकं तपकिरी, अंग मऊ. काही महिने त्या या भुश्यावर पोसतात, मग भुंगा होऊन उडतात आणि शेजारच्या जिवंत माडाच्या शेंड्यात शिरतात. कोवळा कोंब मिटलेला असतानाच भुंगा तो आडवा कुरतडतो. पुढे ती झावळी उघडते तेव्हा पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात. अशी झावळी दिसली की पाडेली वर चढतो, तारेचा आकडा भोकात घालून भुंगा ओढून काढतो.

पण एक भुंगा काढून काय होतं? खाली बुडखा पाळणाघरासारखा चालूच असतो. शिवाय भुंग्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, आणि बाहेरून कळेपर्यंत माड हातचा गेलेला असतो. म्हणून पडलेल्या माडाचा बुडखा आणि ओंडके वाडीत ठेवायचे नाहीत. शेणखताचा खड्डाही वरचेवर उपसून बघायचा, कारण भुंग्याला तोही तितकाच आवडतो. खड्ड्यात मेटारायझियम बुरशी सोडतात, ती अळ्यांना रोगट करून मारते.

माडाचा बुडखा काढणं त्यामानाने सोपं. त्याला सोटमूळ नसतं. बोटाएवढ्या जाडीच्या मुळांचा नुसता झुपका. भोवतीने चर खणायचा, कुऱ्हाडीने मुळं तोडत जायचं, आणि एका बाजूने पहार घालून उलटवायचा.

(दृश्य: जांभ्याच्या पायऱ्यांची अरुंद पाखाडी. दोन गडी चेन-पुली खांद्यावरून नेताना.)

आता कुणी म्हणेल, एवढे कष्ट कशाला, जेसीबी बोलवा. बोलवा की. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, बागेत तो जातोही. पण किनाऱ्याकडच्या वाडीत जायला जांभ्याची पाखाडी असते, दोन माणसं शेजारीशेजारी चालू शकत नाहीत. तिथे टिकाव, पहार, कुऱ्हाड आणि चेन-पुली. पुली कशाला बांधता, ते मात्र बघा. जवळचं चांगलं झाड धरून साखळी आवळली तर काढायचा बुडखा राहतो बाजूला, धडधाकट झाडाची साल सोलून निघते. साखळीखाली बारदानाची जाड घडी घालावी. आणि हात घालण्यापूर्वी काठीने बडवून घ्यावं. बुडख्याच्या सांदीत, जांभ्याच्या चिऱ्याखाली फुरसं हा विषारी साप असतो. एवढंसं जनावर, रंग मातीचाच. कोकणातल्या गड्याला हे सांगावं लागत नाही, मुंबईहून सुट्टीत येऊन उत्साहाने कुदळ उचलणाऱ्याला सांगावं लागतं.

बुडखा जाळू नका. बाहेरून विझलेला दिसला तरी आत मुळातून निखारा धुमसत राहतो. फेब्रुवारीनंतर सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, वणव्याला ठिणगी पुरते. बुडख्यात हिंग भरला की झाड मरतं, असंही गावोगाव सांगतात. त्यावर विसंबून कुणी बसू नये.

(दृश्य: कातळसडा. उन्हात तापलेला जांभा, मधे हापूसची कलमं.)

वर सड्यावर आलो की गोष्ट बदलते. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, हे खरं. पण तो पडतो चार महिने. कातळावर माती टीचभर, जांभा सच्छिद्र, पाणी आलं तसं निघून जातं. दिवाळीनंतर इथलं झाड कोरड्या मुलखातल्या झाडासारखंच जगतं. सुरुंग लावून फोडलेल्या खड्ड्यात कलम लावलेलं असतं, आणि मुळं कातळाच्या फटी शोधत आडवी पसरलेली असतात.

अशा ठिकाणी आंब्याचा बुडखा उपटायचा म्हणजे शेजारच्या कलमांची मुळं तोडायची. उतारावर असेल तर उपटायचा प्रश्नच नाही. आंबा पडला तरी त्याची मुळं काही पावसाळे माती धरून ठेवतात. जेसीबीने ती उखडलीत तर पहिल्याच आषाढात माती ओहोळाला लागते. तिथे बुडखा जमिनीलगत कापावा आणि राहू द्यावा. बुडखे राखून त्यांच्या जिवावर जगायची आपली रीत जुनीच आहे. ऐन-किंजळीचा कवळ, म्हणजे पालेदार फांद्या, तोडून भाताचा राब भाजायचा, झाड पुन्हा फुटायचं, पुन्हा तोडायचं.

वाळवी लागलेला, भोवती छत्र्या उगवलेला बुडखा मात्र चांगल्या कलमाला खेटून असेल तर काढलेला बरा.

(दृश्य: अर्धवट मोडलेलं जुनं कलम. गडी करवत लावतोय. झाडाच्या बुंध्याशी पिवळसर भुसा.)

जी झाडं पडली नाहीत पण मोडली, त्यांचं काय? वादळानंतर सगळ्यात वाईट काम लटकलेल्या फांद्या घाईने तोडणाऱ्यांनी केलं. जाड फांदी वरून कापत आलं की शेवटी ती स्वतःच्या वजनाने फाटते आणि खोडाची हातभर साल घेऊन खाली येते. आधी खालून खाच घ्यायची, मग थोडं पुढे वरून कापायचं, आणि राहिलेला तुकडा शेवटी खोडाजवळ बेताने काढायचा. फांदी जिथून निघते तिथला फुगीर भाग शाबूत ठेवायचा, झाड जखम तिथूनच भरून काढतं.

कापल्या जागी बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्याच भांड्यात, मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी बुडवून बघावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. हे चाचणीचं काम बहुतेकजण वगळतात, आणि मग साल भाजली म्हणून औषधाला नावं ठेवतात.

बुंध्याशी पडलेला हा भुसा बघा. हे भिरूड किडीचं काम. त्याची अळी खोडात शिरून लाकूड पोखरते, आणि मोडलेलं, दमलेलं झाड तिला लवकर सापडतं. भोक शोधून तार घालायची, अळी लागली तर ओढायची, नाहीतर रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपायचा. आठवड्याने परत बघायचं. ताजा भुसा पडला असेल तर ती अजून आत आहे.

बांडगुळाचंही तेच. नुसतं ओरबाडून उपयोग नाही, त्याची मुळं फांदीच्या आत रुतलेली असतात. फांदी थोडी मागून कापावी, तीही बांडगुळाला फळं धरण्यापूर्वी. चिमणीहून लहान फुलटोचा पक्षी ती फळं खातो, आणि चिकट बी पुढच्या फांदीवर पुसून जातो.

आणि पातेरा, म्हणजे गळलेला पाला, जाळू नका हो. कलमाखालचा पातेरा हीच त्याची उन्हाळ्याची शिदोरी. आळ्यात पसरून ठेवा, फक्त खोडाला टेकवू नका.

(दृश्य: ओसरीवर बसलेले काका, समोर पुतण्या.)

“काका, तो मोडका आंबा तोडूनच टाकू या ना.”

“तोडशील रे. आधी तालुक्याला अर्ज दिलास का?”

काका बरोबर बोलतात. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी झाडं आहेत. आपल्या जमिनीतलं झाड असलं तरी परवानगी लागते.

(दृश्य: जमिनीपासून दोन फुटांवर कापलेला आंबा. बाजूंनी तांबूस पालवी.)

या बुडख्याला फूट आली आहे. पण ही फूट कलमाच्या जोडाच्या खालून आलेली आहे, म्हणजे रायवळ, साधा गावठी आंबा. तशीच वाढू दिली तर आंबे लागतील, पण हापूस नव्हे. त्यातल्या जोमदार दोन-तीन फुटी राखायच्या, बाकीच्या काढायच्या. पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या की पावसाळ्यात त्यांच्यावर हापूसच्या काडीचं पाचर कलम बांधायचं. खाली जुनी मुळं तयारच असल्यामुळे वाढ जोरात होते. जोड मात्र कच्चा असतो, वाऱ्याने सुटतो, म्हणून बांबूचा आधार हवाच. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तरी खुडून टाकायचा. हे सांगितलं की सगळे मान डोलावतात, आणि पहिल्याच मोहोराला कैऱ्या मोजायला लागतात.